पुस्तकांना ऊन दाखवायचे दिवस

परवा ठाण्याला, कोपरीतल्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत टाकलेलं ओलं फडकं चहा होईपर्यंत कडकडीत वाळलं, आणि मला कळलं की ते दिवस आले. पाऊस येताना जेवढा गाजावाजा करतो तेवढा जाताना करत नाही. एक दिवस कपड्यांचा कुबट वास जातो, मानेवरून घाम ओघळायला लागतो आणि जो भेटेल तो ‘काय हीट आहे’ म्हणतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळे ह्या उन्हाला शिव्या घालतात. आमच्या घरात मात्र त्याची वाट बघितली जायची. दसऱ्याच्या आगेमागे नाना, म्हणजे माझे वडील, डोंबिवलीच्या घराच्या गॅलरीतून हात बाहेर काढायचे, तळव्यावर ऊन घ्यायचे, पाकाची तार बघावी तशी दोन बोटं एकमेकांवर चोळायचे आणि जाहीर करायचे, “झालं. आता पुस्तकांना ऊन दाखवायला हरकत नाही.”

ऊन दाखवायचं. लहानपणी हा शब्द किती वेळा ऐकला, पण त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आपण काय काय दाखवत असतो. डाळी-तांदळाला ऊन दाखवतो. शेजारच्या काकू देवाला नैवेद्य दाखवायच्या, आमच्याकडे ते नव्हतं म्हणून मी मुद्दाम बघायला जायचे. लग्नाची मुलगी दाखवतात. आजारी माणसाला डॉक्टरला दाखवतात. आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतात. गेलं वर्षभर ह्या एका क्रियापदाला मी ठेचकाळते आहे, कारण नानांना आता नीट दिसत नाही.

आमची बिल्डिंग डोंबिवली पूर्वेला, चार मजली, बिनलिफ्टची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. नाना एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये होते. कंपनी चालत जायच्या अंतरावर, त्यामुळे सकाळी अख्खी डोंबिवली स्टेशनकडे धावत असताना नाना उलट्या दिशेने, रमतगमत, काखेत पुस्तक धरून जायचे. “ह्यांना गाडी पकडायची नसते ना, म्हणून हे वाचन सुचतं,” असं आई म्हणायची. आई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची आणि तिला गाडीही पकडायची नसायची, पण तिला वाचन सुचायचं नाही, कारण उरलेलं सगळं घर तिला सुचत असायचं. हे मला फार उशिरा कळलं.

पुस्तकं गच्चीवर न्यायची ती आंघोळीच्या बादल्यांमधून. आदल्या दिवशी बादल्या घासून, पुसून, उलट्या घालून कोरड्या करायच्या. मग दोन मजले चढायचे, बादली रिकामी करायची, पुन्हा खाली. गच्चीवर जुन्या सुती चादरी अंथरलेल्या असायच्या आणि त्यांच्या कोपऱ्यांवर विटा. पुस्तक आडवं टाकलेलं नानांना चालत नसे. ते अर्धवट उघडून उभं करायचं, पानांत वारा शिरला पाहिजे. ऊन पुस्तकाच्या पाठीला द्यायचं, पोटाला नाही. पोटाला ऊन लागलं की कागद पिवळा पडतो आणि शाई उडते. ते लॅबमधले, त्यामुळे ह्या सगळ्याला कारणं होती आणि ती दर वर्षी नव्याने ऐकून घ्यावी लागत. दुपारी ऊन कललं की प्रत्येक पुस्तक झटकायचं, कसर निघाली तर चिमटीत धरायची, आणि वेखंडाची पुरचुंडी घालून पुन्हा बादलीत.

गंमत होती ती मांडण्याची. नानांकडे कथा-कादंबऱ्या थोड्या. बाकी सगळी प्रवासवर्णनं. कोण कुठे गेला, काय खाल्लं, कुठल्या धर्मशाळेत ढेकूण चावले, हे त्यांना गोष्टीपेक्षा खरं वाटायचं. आणि ही पुस्तकं ते गच्चीवर नकाशाप्रमाणे मांडायचे. पाण्याच्या टाकीपाशी हिमालय. जिन्याच्या दारासमोर, बरोबर मधोमध, नागपूर. पश्चिमेच्या कठड्याला लागून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली जायचा, तिथे कोकण. अँटेनाच्या कोपऱ्यात केरळ आणि त्याच्याही पलीकडे एका उशीच्या अभ्र्यावर परदेश. दोन चादरींमधल्या तापलेल्या फरशीवरून मी अनवाणी देशभर हिंडायचे. केरळात पोचेपर्यंत तळवे भाजायचे. “मंजे, सातपुड्यावर पाय देऊ नकोस,” असं नाना टाकीच्या सावलीतून ओरडायचे. गच्चीवर गाद्या वाळत घालायला आलेल्या बायका हिमालयाला वळसा घालून जायच्या. आमच्या बिल्डिंगीत ह्याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं.

नागपूर मधोमध होतं ते काही केवळ नकाशामुळे नाही. दर दसऱ्याला, बिल्डिंगीतले लोक एकमेकांना सोनं देत असताना, नाना नागपूरला दीक्षाभूमीवर असायचे. तिथून लोक पुस्तकं आणतात. लाखो माणसं पिशव्या भरभरून पुस्तकं घेऊन परतात, त्यातले एक आमचे नाना. कल्याणला उतरून घरी यायचे ते एका खांद्यावरच्या पिशवीने वाकडे होऊन. आल्या आल्या आंघोळ नाही, चहा नाही. आधी पिशवी चटईवर पालथी करायची. नव्या कागदाचा आणि खळीचा वास खोलीभर पसरायचा, आणि नाना एकेक पुस्तक उचलून आधी नाकाला लावायचे. लॅबमध्ये आयुष्यभर वास घेऊन घेऊन त्यांचं नाक तयार झालं होतं. आई दारातून म्हणायची, “वाचायचीत ना ती? का खायचीत?”

आमच्या घरात प्रवासाचा एक नियम होता. आधी वाचायचं, मग जायचं. ज्या गावाविषयी वाचलं नाही तिथे जायचं नाही. म्हणजे वर्षभर नाना एखादा मुलूख वाचणार, जेवताना आम्हाला त्याच्या कथा ऐकवणार, आणि मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी बसून प्रत्येक वळणावर पुस्तकाशी ताळा घेणार. तिथला डोंगर पुस्तकातल्यासारखा निघाला तर डोंगराला शाबासकी. नाही निघाला तर चूक डोंगराची. “ह्यांना समुद्र दाखवला तर हे पान सांगतील,” असं आई म्हणायची, आणि नाना खरंच सांगायचे.

त्यांचं सगळ्यात लाडकं पुस्तक होतं एक बिनकव्हरचं. नागपूरला एका चादरीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेलं. सुरुवातीची पानं नाहीत, शेवटचीही नाहीत, त्यामुळे ते कोणी लिहिलं, नाव काय, काहीच माहीत नाही. कोणी एक सद्गृहस्थ कोकण किनाऱ्याने पायी आणि होडीने निघालेले, एवढंच कळतं. आमच्या घरात त्यांना ‘ते गृहस्थ’ म्हणत. “ते गृहस्थ काय म्हणतात आज?” असं आई जेवताना विचारायची, जसं काही ते पाव्हणे म्हणून येऊन राहिलेत. त्या पुस्तकात एका बंदरावर एक मोठं चिंचेचं झाड आहे, आणि त्याच्या सावलीत बसून ते गृहस्थ होडीची वाट बघतात. मी सातवीत असताना त्या चिंचेसाठी नानांनी आम्हाला कोकणात नेलं. भर उन्हात त्या गावात आम्ही चिंच शोधतोय. झाड नव्हतंच. जेटीजवळच्या टपरीवाल्याने सांगितलं, ती तर वादळात पडली, आता खोड आहे तेवढं, लोक मासळीच्या टोपल्या टेकवतात त्याच्यावर. आई आणि मी हिरमुसलो. नाना मात्र त्या खोडावर बसले आणि इतके खूश झाले की मला त्यांची लाज वाटली. “म्हणजे होती,” ते म्हणत होते. “म्हणजे ते गृहस्थ खोटं बोलले नाहीत.”

खोटं बोलले नाहीत ह्याचा एवढा आनंद का, ते समजायला आजी माहीत हवी. नानांची आई. मी तिला फार थोडी बघितली. दुष्काळात गाव सोडून ती कल्याणजवळच्या एका वीटभट्टीवर आली आणि जन्मभर विटा वाहिल्या. तिला अक्षर येत नव्हतं, त्या वस्तीत कोणालाच नीट येत नव्हतं. नाना शाळेत जायला लागले तसे ते वस्तीचे वाचक झाले. गावाकडून आलेली पत्रं, रेशनवरच्या सूचना, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, सगळं त्यांनी वाचून दाखवायचं. आजीची हौस वेगळी. गूळ बांधून आलेला रद्दीचा कागद ती मांडीवर ठेवून तळव्याने सरळ करायची आणि म्हणायची, “वाच रं.” कागद फाटलेला असायचा, गोष्ट मधूनच सुरू आणि मधेच तुटलेली. तरी ती ऐकायची. पुढे नाना लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले तेव्हा त्यांना खेळायला पळायची घाई असायची, मग ते मधला मजकूर गाळून भराभर पानं उलटायचे. आजीला अक्षर येत नसलं तरी पान केवढं असतं ते तिला ठाऊक झालं होतं. ती बोट पानावर ठेवायची आणि विचारायची, “एवढ्यात संपलं पान?”

हे नाना हसत हसत सांगायचे, पण पुढचं सांगताना हसायचे नाहीत. ते म्हणायचे, मी जे वाचीन तेच तिच्यासाठी खरं होतं, तिला दुसरीकडे जाऊन खात्री करायची सोय नव्हती. जो वाचून दाखवतो त्याच्या हातात आपण असतो. आपल्या घरातली सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या ना कोणाच्या हातात होती. स्वतः वाचणारा मी पहिला.

आणि मग गेल्या वर्षीचा पावसाळा. नानांनी एक दिवस आईला विचारलं, खिडकीचा गज कोणी वाकवला? गज सरळ होता. आईने हात लावून दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग पेपरातल्या ओळी वाकायला लागल्या, मग ओळींच्या मधोमध एक राखाडी डाग बसला. मी त्यांना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला नेलं. डॉक्टर तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. ह्याला चष्मा नाही, ऑपरेशन नाही. पूर्ण आंधळे होणार नाहीत, काळजी करू नका, कडेचं दिसत राहील. जिथे रोखून बघाल तेवढंच दिसणार नाही.

“म्हणजे समास दिसेल,” नाना म्हणाले. “मजकूर दिसणार नाही.”

डॉक्टर हसल्या. मलाही हसू आलं. रिक्षात बसल्यावर मला रडू यायला लागलं, आणि नाना रस्त्याकडे तोंड करून कडेकडेने ठाणे बघत होते.

आपण काहीतरी करू शकतो असं ज्यांना वाटत असतं अशांपैकी मी. मी भिंग आणलं, दिवा लावलेलं. त्याने अक्षर मोठं होई आणि तो डागही अक्षराबरोबर पुढे सरकत राही. आईने तिच्या बाजूने एक उपाय केला. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे ते बिनकव्हरचं पुस्तक घेऊन गेली आणि सगळी पानं मोठी करून आणली. एका पानाचे दोन-दोन मोठाले कागद, गठ्ठा उशीएवढा. नाना एकेक कागद डोळ्यांच्या बाजूला धरून, मान वाकडी करून बघत होते. तेवढ्यात गेलेली वीज आली, पंखा सुरू झाला आणि ते गृहस्थ सगळ्या खोलीभर उडाले. आम्ही दोघी रांगत रांगत कागद गोळा करत होतो, तेव्हा लक्षात आलं की मोठं करताना पानांचे आकडे कापले गेलेत. आता ते लावायचे कसे? वाचूनच लावावे लागणार. आणि आमच्या घरात ते पुस्तक ज्याला पाठ होतं तो माणूस पलंगावर बसून विचारत होता, “किती उडाली?”

मग मी फोनमध्ये ऐकायची पुस्तकं भरून दिली. आठवडाभर त्यांनी कानाला लावलं. “बाईंचा आवाज छान आहे,” ते म्हणाले, “पण त्या थांबत नाहीत. मी वाचताना थांबतो गं. एखादं वाक्य आवडलं की पुस्तक मांडीवर ठेवून बाहेर बघत बसतो. ह्यांना कुठे जायचंय एवढ्या घाईने?”

“पॉझचं बटण आहे ना नाना.”

“ते दिसलं पाहिजे ना.”

आणि हे सगळं होत असताना दसरा आला. आम्ही म्हटलं ह्या वर्षी नागपूर नको. त्यांनी ऐकलं नाही. वस्तीतले जुने सोबती होते बरोबर, ते गेले. दोन दिवसांनी नेहमीसारखे एका खांद्याने वाकडे होऊन आले. मी मुद्दाम रजा काढून डोंबिवलीला आले होते. पिशवी चटईवर पालथी झाली. सोबत्यांपैकी कोणाला त्यांनी विचारलं नव्हतं, स्टॉलवाल्याला विचारलं नव्हतं. हात फिरवून, वास घेऊन, जाडी बघून निवडली होती. सगळ्यात जाडजूड पुस्तक उचलून त्यांनी नाकाला लावलं आणि माझ्या हातात दिलं. “कागद बघ कसला आहे. मला वाटतं हिमालयाचं असावं. बघ जरा, कुठून निघालाय?”

ते तलाठी भरतीचं गाईड होतं. गेल्या कैक परीक्षांच्या सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांसकट. मी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, सांग हिमालयाचं आहे म्हणून. कोणाला कळणार होतं? पण मला त्या वेळी आजी आठवली, वाचून दाखवणाऱ्याच्या हातात आपण असतो हे नानांचं बोलणं आठवलं, आणि माझ्याच्याने झालं नाही.

“नाना, तलाठी भरतीचं आहे.”

त्यांनी गाईड परत हातात घेऊन जाडी चाचपली. मग म्हणाले, “असू दे. ह्या वयात तलाठी होतो.” आम्ही तिघंही हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नंतर बाकीची पुस्तकं त्यांनी विचारली नाहीत. ती तशीच पिशवीत परत गेली.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी म्हटलं, “नाना, मी दर शनिवार-रविवार येईन. मी वाचून दाखवते ना.” मला वाटलं होतं ही तर सगळ्यात सोपी गोष्ट. आईने आधी प्रयत्न केला होता, पण आई वाचते ती वर्गात वाचल्यासारखी, प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून समोर बघते. “तिने वाचलं की मला वाटतं आता उभं करून विचारेल,” असं नाना म्हणत. माझं तसं होणार नव्हतं. पण नाना माझ्यावरच चिडले. ते फारसे चिडत नाहीत, म्हणून त्यांचा आवाज अजून कानात आहे.

“मंजू, मी वाचायला लागलो तेव्हा आपल्या घरातलं वाचून दाखवणं संपलं. ते परत सुरू करू नकोस.”

ते बरोबर होते, आणि ते बरोबर असून उपयोग नव्हता. वाचता येत नव्हतं, ऐकायचं नव्हतं. मग गावोगावी जाणंही संपलं, कारण नियम होता, वाचलं नाही तिथे जायचं नाही. मी एकदा म्हटलं, चला गाडी करून कोकणात जाऊ, ते खोड बघून येऊ. ते म्हणाले, पुस्तकाशिवाय जाऊन मी तिथे कोणाला ओळखणार आहे? त्यांच्या खोलीत चारी भिंतींना पुस्तकं, आणि मधे खुर्चीवर ते, भिंतीकडे पाठ करून बसलेले. सगळ्या गावात माणसं ओळखीची असावीत आणि कोणीच दार उघडू नये, तसं झालं होतं.

त्या ऑक्टोबरात त्यांनी गॅलरीतून हात बाहेर काढला नाही. ऊन पडलं, तापलं, दिवाळीपर्यंत तसंच तापत राहिलं. मी आईला म्हटलं, आपण दोघी नेऊ वर. आई म्हणाली, “नको. त्यांना कळेल आपण कुठलं कुठे ठेवतोय ते.” पहिल्यांदाच आमची पुस्तकं ऊन न बघता राहिली. यंदा पावसात कपाटं उघडली तर आतून ओल्या पोत्याचा वास आला. नानांच्या नाकाला तो माझ्या आधी आला असणार.

म्हणून परवा ते फडकं वाळलं तेव्हा मी खिडकीशी उगीचच उभी राहिले. ऊन चांगलं होतं आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. नानांना आता फोनवर नाव शोधता येत नाही, आई लावून देते.

“मंजे, ऊन पडलंय.”

“हो नाना, इथेही पडलंय.”

“कसर लागली असेल. रविवारी येतेस?”

रविवारी मी गेले तेव्हा जिन्यातच आईने मला सांगितलं की गच्चीवर आता पत्रा आहे. मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ लक्षात आला नव्हता. डोंबिवलीतल्या जवळजवळ प्रत्येक बिल्डिंगीने तेच केलंय. गच्ची गळते, मग वर्गणी काढायची आणि गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची. वर जाऊन बघते तो हिमालयापासून केरळपर्यंत सगळीकडे अंधूक सावली आणि वरून पत्र्याची धग. ऊन कुठेच नाही. दुपारी मात्र पश्चिमेकडून, पत्रा आणि कठडा यांच्या फटीतून, एक पट्टा आत येतो. चादर उभी घडी करून घातली तर मावेल एवढा.

मी खाली येऊन नानांना सांगितलं. मला वाटलं ते खचतील. त्यांनी विचारलं, “पट्टा पडतो कुठे?”

“पाइपापाशी.”

“म्हणजे कोकणात,” ते म्हणाले. “तर मग कोकण ने.”

एकच बादली भरली. मी पुस्तकांची नावं सांगायची, त्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. बिनकव्हरचं त्यांनी स्वतः हात घालून काढलं, त्याला नाव सांगायची गरज नव्हती. जिना ते कठड्याला धरून चढले. आई मागे प्लास्टिकची खुर्ची घेऊन. मी पट्ट्यात चादर घातली, पुस्तकं उभी केली, पाठी उन्हाला, पोटं सावलीला. नाना खुर्चीत बसले, बिनकव्हरचं मांडीवर घेऊन. बराच वेळ ते नुसते त्याच्यावर हात ठेवून होते. मग त्यांनी ते मधोमध उघडलं आणि सरळ उन्हात धरलं.

“नाना, पोटाला ऊन लागतंय.”

“लागू दे. एवढ्या उजेडात काही मिळालं तर बघतो.”

कावळा दाण्याकडे बघतो तशी मान एका बाजूला कलती करून ते पानाच्या कडेने आत बघायला लागले. कपाळावर घाम, नाकाच्या टोकावर घाम. आई जिन्याच्या दारात बसली होती. मग नानांचं बोट पानावर एका जागी थांबलं.

“होडी,” ते म्हणाले. “ही बघ, इथे होडी आहे. आहे ना?”

मी वाकून बघितलं. बोटाखाली ‘थोडी’ होतं. थोडी विश्रांती घेऊन ते गृहस्थ पुढे निघाले होते.

“थोडी आहे, नाना.”

“थोडी का,” ते म्हणाले. “बरं. थोडी तर थोडी.”

त्यांनी अजून प्रयत्न केला. पट्टा सरकत होता, खुर्चीही मी सरकवत होते. ते पान त्यांनी चहूबाजूंनी फिरवून बघितलं, जवळ धरलं, लांब धरलं. मला त्या उन्हाचा राग आला, इतकं सगळं उजळून टाकतं आणि जे उजळायला हवं तेवढंच राहतं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं नाही. तसंच उघडं माझ्या दिशेने पुढे केलं. माझ्याकडे बघत नव्हते. म्हणजे, माझ्याकडे बघायचं तर त्यांना माझ्या बाजूला बघावं लागतं, तसं ते पाइपाकडे बघत होते.

“वाच,” म्हणाले.

मी चादरीच्या कडेला, तापलेल्या फरशीवर बसले. पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचायला लागले. ते गृहस्थ संध्याकाळच्या सुमाराला बंदरावर येतात. चिंचेखाली पथारी टाकतात. नावाडी सांगतो, भरती आल्याशिवाय होडी सुटायची नाही. मग ते पाण्याकडे बघत बसतात, आणि पुढे पानभर नुसते रंग आहेत. पाण्याचे, ढगांचे, शिडांचे, पलीकडच्या डोंगराचे. एक रंग दुसऱ्यात कसा मिसळतो, कडा कशा पुसट होत जातात, शेवटी नजरेसमोर काय उरतं. माझी नजर पुढे धावली आणि मला वाटलं हे कशाला, हे आत्ता त्यांना कशाला. नावाड्याच्या वाक्याशी थांबून मी दम घेतला, आणि हळूच पान उलटलं.

नाना डोळे मिटून बसले होते. त्यांनी हात पुढे केला, चाचपत पुस्तकाची कड शोधली आणि त्या पानावर बोट ठेवलं.

“एवढ्यात संपलं पान?”

मी पान परत मागे घेतलं आणि रंगांपासून वाचायला लागले.